ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल व फिल्टर घरच्या घरी कसे बदलावे ?



पिकाला पाणी केव्हा द्यावे, खत किती द्यावे याचा आपण बारकाईने विचार करतो. परंतु ज्या ट्रॅक्टरवर पेरणी, कोळपणी, मळणी व वाहतूक अवलंबून असते, त्याच्या इंजिनातील ऑइलकडे मात्र ते गळू लागल्यावर किंवा धूर दिसल्यावरच लक्ष जाते. मी कृषिविद्येचा शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. तरीही हा विषय लेखासाठी घेतला, कारण वेळेवर पेरणी हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा असून नादुरुस्त ट्रॅक्टर तो धडा एका दिवसात मोडतो. शिवाय या कामातील एक चूक मी स्वतः केलेली आहे. ती पुढे सांगितली आहे.

इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे हे अवघड काम नाही. पाने, घमेले, नरसाळे व तासाभराची सवड असेल तर कोणताही शेतकरी ते आपल्या गोठ्याजवळ करू शकतो. मात्र ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असेल तर ऑइल बदलण्याचे काम अधिकृत सेवा केंद्रातच करून घ्यावे व पुस्तिकेवर शिक्का घ्यावा. नाहीतर पुढे मोठा बिघाड झाल्यास हमी मिळण्यास अडचण येते.

ऑइल काय काम करते ?

इंजिन ऑइल केवळ वंगण नाही. ते एकाच वेळी पाच कामे करते.

१) फिरणाऱ्या व घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून झीज कमी करते.
२) पाणी जेथे पोहोचत नाही अशा भागांतील, उदाहरणार्थ बेअरिंग व पिस्टनच्या खालच्या बाजूची, उष्णता वाहून नेते.
३) डिझेल जळताना तयार होणारी काजळी व धातूचे बारीक कण स्वतःमध्ये धरून ठेवते.
४) पिस्टनच्या रिंगा व लायनर यांमधील फट बंद ठेवण्यास मदत करते.
५) आतील भाग गंजू देत नाही.

ही कामे करता करता ऑइलमधील रासायनिक घटक खर्ची पडतात व काजळीचे प्रमाण वाढत जाते. जमिनीतील अन्नद्रव्ये पीक घेऊन जाते तसाच हा प्रकार आहे. वरून थोडे नवे ऑइल ओतल्याने पातळी भरते, पण जुन्या ऑइलचा कस परत येत नाही.

ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले काय ?

हा प्रश्न मेळाव्यात नेहमी विचारला जातो. डिझेल इंजिनात नवे ऑइल घातल्यावर काही तासांतच ते काळे दिसू लागते. ऑइल काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करीत आहे असा त्याचा अर्थ. म्हणून रंगावरून ऑइल बदलू नये व बोटावर घेऊन 'अजून चिकट आहे' असे म्हणून मुदतही वाढवू नये. ऑइल तासांवर बदलावे.

किती तासांनी बदलावे ?

ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत हे तास दिलेले असतात व तेच प्रमाण मानावे. सर्वसाधारणपणे नवीन ट्रॅक्टरचे पहिले ऑइल सुमारे ५० तासांनी बदलतात, कारण नव्या भागांच्या घासण्याने सुरुवातीला धातूचे कण जास्त निघतात. त्यानंतर अनेक ट्रॅक्टरना २५० तासांची मुदत असते. काही जुन्या ट्रॅक्टरना ही मुदत बरीच कमी असते. रोज ८ तास काम धरल्यास २५० तास साधारण ३१ दिवसांत भरतात. म्हणजे नांगरटीच्या व पेरणीच्या एका हंगामातच एक बदल येऊन ठेपतो. उलट ज्यांचा ट्रॅक्टर कमी चालतो व वर्षात २५० तास भरत नाहीत, त्यांनीही वर्षातून एकदा ऑइल बदलावे. उभ्या इंजिनातही ओलावा व आम्ले ऑइल खराब करतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंजिनच्या फेऱ्यांवर चालणारे जुने तासमीटर घड्याळाप्रमाणे चालत नाही. इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चालले तरच त्यावर एका तासात एक तास पडतो. त्यामुळे हळू चालणाऱ्या कामात घड्याळाचे तास जास्त व मीटरचे तास कमी दिसतात. तासमीटर बंद पडले असेल तर आधी ते दुरुस्त करावे. मीटर नसलेला ट्रॅक्टर म्हणजे तारीख न लिहिलेले औषध.

धुळीत रोटाव्हेटर चालविणे, मळणी यंत्रावर दिवसभर एका जागी उभे राहून काम करणे आणि भातखाचरात चिखलणी करणे ही कामे इंजिनवर जास्त ताण देतात. अशा वेळी मुदतीच्या शेवटच्या तासाची वाट पाहू नये.

कोणते ऑइल घ्यावे ?

डब्यावर दोन गोष्टी वाचाव्यात.

पहिली म्हणजे दाटपणा, उदाहरणार्थ एसएई १५ डब्ल्यू ४०. 'डब्ल्यू' हे हिवाळ्याचे अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो व नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहते ते सांगतो. आधीचा आकडा लहान असेल तर थंडीच्या सकाळी ऑइल वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते. आपल्याकडे १५ डब्ल्यू ४० व २० डब्ल्यू ४० हे दाटपणे बाजारात सहज मिळतात.

दुसरी म्हणजे दर्जा, उदाहरणार्थ एपीआय सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. यातील 'सी' ने सुरू होणारा दर्जा डिझेल इंजिनसाठी व 'एस' ने सुरू होणारा पेट्रोल इंजिनसाठी असतो. ५० अश्वशक्तीपेक्षा जास्त क्षमतेच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे मानक लागू झाले. अशा नव्या ट्रॅक्टरना पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे. शेजाऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरला चालते म्हणून ते घालू नये. गिअरपेटीतील किंवा हायड्रॉलिकचे ऑइल इंजिनात अथवा इंजिनचे त्यांच्यात कधीही घालू नये.

सुटे ऑइल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. सीलबंद डबा घ्यावा, पावती घ्यावी व रिकामा झालेला डबा कापून टाकावा म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून विकले जाणार नाही.

लागणारे साहित्य

१) पुस्तिकेत दिलेल्या मापाइतके नवीन ऑइल. माप ट्रॅक्टरप्रमाणे बदलते, अंदाजाने घेऊ नये.
२) योग्य क्रमांकाचा नवीन फिल्टर व त्याचे रबर.
३) ड्रेन नटाचा नवीन वॉशर.
४) नटाला चपखल बसणारा रिंग पाना किंवा बॉक्स पाना. चालू पान्याने नटाचे कोपरे झिजतात.
५) फिल्टर सोडविण्याचा पट्टा किंवा साखळी पाना.
६) निघणारे सर्व ऑइल मावेल इतके मोठे घमेले, स्वच्छ नरसाळे व झाकणाचा कॅन.
७) धागे न सुटणाऱ्या सुती चिंध्या, थोडे डिझेल, रबरी हातमोजे.

प्रत्यक्ष कृती

१) ट्रॅक्टर सपाट व कठीण जागेवर उभा करावा. विहिरीचा काठ, खळे किंवा गुरांच्या पाण्याच्या हौदाजवळची जागा टाळावी. अवजार जमिनीवर टेकवावे, हातब्रेक लावावा व चाकांना दगडाची उटी द्यावी.

२) इंजिन ५ ते १० मिनिटे चालवून कोमट करावे व बंद करून चावी काढून घ्यावी. कोमट ऑइल पातळ असते व तळाशी बसलेला गाळ घेऊन बाहेर पडते. दिवसभर काम करून आलेल्या तापल्या इंजिनचे ऑइल लगेच काढू नये. त्याने हात भाजतो.

३) ड्रेन नट, फिल्टर व ऑइल भरण्याचे झाकण यांच्या भोवतीची माती चिंधीने पुसून घ्यावी. ही पायरी बहुतेकजण गाळतात. आपली माती पिकासाठी सोने असली तरी इंजिनच्या आत ती पॉलिश पेपरासारखी काम करते.

४) ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे म्हणजे हवा आत जाऊन ऑइल सरळ वाहते.

५) घमेले खाली ठेवून ड्रेन नट पान्याने सैल करावा व पुढे हाताने फिरवावा. फिरवताना तो आतल्या बाजूस दाबून धरावा व आटे संपताच चटकन बाजूस घ्यावा. त्यामुळे नट घमेल्यात पडत नाही व ऑइल हातावर येत नाही. ऑइल १५ ते २० मिनिटे पूर्ण निथळू द्यावे.

६) फिल्टर सोडवावा. पत्र्याचा बंद फिल्टर असेल तर तो पूर्ण बदलावा. वाटी व आतील कागदी एलिमेंट असा प्रकार असेल तर स्प्रिंग, वॉशर व रबर कोणत्या क्रमाने निघाले ते एका चिंधीवर ओळीने मांडून ठेवावे. वाटी डिझेलने धुऊन कोरडी करावी. कागदी एलिमेंट धुऊन पुन्हा वापरू नये.

७) जुन्या फिल्टरचे रबर फिल्टरसोबत निघाले आहे याची खात्री करावी. इंजिनवरील बैठकीवर बोट फिरवून पहावे. बैठक चिंधीने पुसून घ्यावी.

८) नवीन फिल्टरच्या रबरास नव्या ऑइलचे बोट लावावे. फिल्टर उभा बसत असेल तर त्यात थोडे ऑइल भरून घ्यावे. हाताने आटे धरून फिरवावा. रबर बैठकीस टेकल्यानंतर फिल्टरवर लिहिल्याप्रमाणे, सर्वसाधारणपणे पाऊण फेरा, हातानेच आवळावा. पान्याने आवळल्यास रबर चेपते व पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही.

९) ड्रेन नट नवीन वॉशर घालून आधी हाताने लावावा. आटे सरळ बसल्याची खात्री झाल्यावर पान्याने घट्ट करावा. पाइप लावून जोर करू नये. चेंबरचे आटे गेल्यास खर्च ऑइलपेक्षा जास्त येतो.

१०) पुस्तिकेतील मापापेक्षा सुमारे एक लिटर कमी ऑइल नरसाळ्याने सावकाश भरावे. दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून, घालून पातळी पहावी व वरच्या खुणेपर्यंत थोडे थोडे भरावे. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. जास्त ऑइल क्रँकच्या फिरण्याने फेसाळते, वंगण नीट होत नाही व सीलमधून गळती सुरू होते.

११) जुन्या पद्धतीच्या पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून धरून स्टार्टर ५ ते १० सेकंद फिरवावा. त्यामुळे इंजिन पेट घेण्यापूर्वी ऑइल वर चढते. नंतर इंजिन सुरू करावे, पण रेस करू नये. ऑइल प्रेशरचा काटा काही सेकंदांत वर आला पाहिजे किंवा दिवा विझला पाहिजे. दहा सेकंदांत तसे झाले नाही तर इंजिन लगेच बंद करून कारण शोधावे.

१२) दोन-तीन मिनिटे मंद गतीत चालवून फिल्टर व ड्रेन नट यांखाली गळती पहावी. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा पातळी तपासावी. नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरल्यामुळे पातळी थोडी उतरते, तेवढी भर घालावी.

१३) तारीख, मीटरचे तास, ऑइलचा दर्जा व पुढील बदलाचे तास वहीत व मडगार्डच्या आतील बाजूस रंगाने लिहावेत.

एअर क्लीनर ऑइलच्या भांड्याचा असेल तर त्याच दिवशी तोही उघडावा. भांडे डिझेलने धुऊन खुणेपर्यंत स्वच्छ इंजिन ऑइल भरावे. काढलेले जळके ऑइल त्यात घालू नये. धुळीच्या दिवसांत हे भांडे रोज पहावे, कारण इंजिनात जाणाऱ्या धुळीचा मुख्य दरवाजा हाच आहे.

घरी जीप किंवा मोटार असेल तर तिच्याही ऑइल बदलाची कृती हीच आहे. फक्त मुदत तासांऐवजी किलोमीटर व महिन्यांवर असते आणि गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम आधार द्यावा.

एका रबराची गोष्ट

वरील सातवी पायरी मी माझ्या नुकसानीतून शिकलो. आमची शेती सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात आहे. काही वर्षांपूर्वी हस्ताचा पाऊस चांगला झाला. वाफसा येण्यास दोन दिवस होते व मी सुट्टीवर घरी गेलो होतो. 'एवढ्यासाठी तालुक्याला कशाला जायचे' असे म्हणून ऑइल व फिल्टर मीच बदलले. जुन्या फिल्टरचे रबर बैठकीला चिकटून राहिले होते. ते मी पाहिले नाही व नवा फिल्टर त्यावरच आवळला. मंद गतीत गळती दिसली नाही. पातळी बरोबर होती.

तिसऱ्या दिवशी पेरणी सुरू झाली. धाकटा भाऊ ट्रॅक्टरवर होता. इंजिनवर ताण येताच दोन रबरांमधून ऑइलची धार लागली. प्रेशरच्या दिव्याचा बल्ब केव्हाचा गेलेला होता, त्यामुळे त्याला काही कळले नाही. इंजिनातून ठोका ऐकू आला तेव्हा बेअरिंग गेले होते.

ट्रॅक्टर बारा दिवस दुरुस्तीसाठी पडून राहिला. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना, कारण वाफसा सगळ्यांचाच एकदम आलेला असतो. नऊ एकरांपैकी पाच एकर पेरले गेले होते. उरलेल्या चार एकरांत वरचा थर वाळल्यावर पेर पडली, उगवण विरळ झाली व कडबाही पुरेसा झाला नाही. जनावरांसाठी तो विकत घ्यावा लागला. वर्गात मी मुलांना ओलाव्याचे महत्त्व शिकवीत होतो, आणि घरच्या चार एकरांचा ओलावा माझ्या हाताने गेला.

वडील मला काही बोलले नाहीत. त्यांनी गोठ्याच्या खांबाला एक खिळा मारला. तेव्हापासून जुन्या फिल्टरचे रबर हाती आले की ते त्या खिळ्याला अडकवितात व मगच नवा फिल्टर हातात घेतात. खिळ्यावर रबर नाही तर नवा फिल्टर नाही, असा आमच्या घरचा नियम झाला आहे. आपणही तो करावा. तसेच चावी फिरविताच ऑइलचा दिवा लागतो की नाही हे रोज पहावे. चावी फिरवूनही दिवा लागत नसेल तर तो बिघडलेला आहे.

काढलेल्या ऑइलवरून इंजिनची परीक्षा

घमेल्यातील ऑइल कॅनमध्ये ओतण्यापूर्वी दोन मिनिटे पहावे.

* दुधट किंवा ताकासारखे दिसल्यास आत पाणी जात आहे. हेड गॅसकेट, लायनरचे रबर किंवा ऑइल कूलर यांत दोष असू शकतो. इंजिन चालवू नये.
* पातळी आपोआप वाढलेली, ऑइल पातळ व डिझेलचा वास असल्यास डिझेल आत गळत आहे. पंप व इंजेक्टर तपासून घ्यावेत.
* उन्हात धरल्यावर चमकणारे कण दिसल्यास बेअरिंग किंवा अन्य भाग झिजत आहेत. मेकॅनिकला दाखवावे.
* दोन बदलांच्या मधे वारंवार भर घालावी लागत असेल व धूर निळसर असेल तर ऑइल जळत आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेले असू शकतात.

जळक्या ऑइलचे काय करावे ?

या बाबतीत मात्र मी माझ्या विषयाच्या अधिकाराने सांगतो. जळके ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ऑइल मातीच्या कणांवर बसले की पाणी मुरत नाही व हवा खेळत नाही. मातीतील जिवाणू ते कुजवू लागले तर त्यासाठी जमिनीतील नत्र वापरतात व पिकाला नत्र कमी पडते. बियाण्याची उगवणही घटते. आमच्या गोठ्यामागे पूर्वी ऑइल ओतले जात असे. त्या जागेवर अजूनही मेथी धड उगवत नाही.

जनावरांच्या खरजेवर किंवा जखमेवर जळके ऑइल लावण्याची पद्धत काही गावांत आहे. ती सोडून द्यावी. जनावर ते चाटते व त्यातील विषारी घटक पोटात जातात. खरजेवर पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे. ऑइलचे घमेले उघड्यावर ठेवू नये. माणसाच्या कातडीलाही त्याचा वारंवार संपर्क घातक आहे, म्हणून हातमोजे वापरावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. चुलीत किंवा गुऱ्हाळात ते जाळू नये.

वापरलेले ऑइल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवावे. त्यात पाणी, डिझेल किंवा कूलंट मिसळू नये. जुना फिल्टर उलटा ठेवून एक दिवस निथळू द्यावा. पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून कॅन भरल्यावर तो सेवा केंद्रामार्फत नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावा. वापरलेले ऑइल शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) ऑइल रंगावर नव्हे, तासांवर बदला. तास कमी भरले तरी वर्षातून एकदा बदलाच.
२) प्रत्येक ऑइल बदलाबरोबर फिल्टर बदला.
३) जुने रबर बाहेर आल्याशिवाय नवा फिल्टर लावू नका.
४) पातळी दोन खुणांच्या मधेच ठेवा. ती रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पहा.
५) ऑइल बदल पेरणीच्या तोंडावर नव्हे, किमान आठ दिवस आधी करा. म्हणजे चूक झालीच तर ती गोठ्याजवळ सापडेल, वाफशावर आलेल्या रानात नाही.

यंत्राची निगा प्रत्यक्ष पाहून शिकायची असेल तर जवळच्या कृषि विज्ञान केंद्राशी किंवा कृषि विद्यापीठाच्या कृषि अभियांत्रिकी विभागाशी संपर्क साधावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेतही ट्रॅक्टर व यंत्रांच्या वापराचे प्रशिक्षण मिळते. घरातील तरुण मुला-मुलींना हे काम एकदा सोबत घेऊन शिकवावे, आणि शिकवताना सातव्या पायरीवर जरा जास्त वेळ थांबावे.